रिकाम्या जंगलावर सरसकट शिकारबंदी हा उपाय आहे का?

दुर्बीण (धागाकर्ती)

मध्यंतरी सहा महिने मी मध्य आफ्रिकेतल्या एका जंगलातले कॅमेरा ट्रॅपचे (रानात बांधलेला, समोर काही हलले की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा) फोटो वर्गवार लावायचे काम करत होते. हजारो फोटोंत नुसती पाने हललेली असतात, त्यामुळे काम कंटाळवाणे. अशातच एके दिवशी निळ्या डायकरचा फोटो आला. डायकर म्हणजे तिथले छोट्या चणीचे कुरंग. निळा डायकर त्यातही लहान, जेमतेम चार-पाच किलोचा. हा तीन पायांवर उभा होता. पुढचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हताच. टोकाला कातडे आवळून गाठ झालेली. तारेच्या फासकीतून सुटलेले जनावर असे दिसते. मी नोंद केली: निळा डायकर, एक, प्रौढ, अधू.

दोन दिवसांनंतरच्या फोटोत त्याच पायवाटेवर एक बाई होती. कपाळाला पट्टा, पाठीवर टोपली. मागे आठेक वर्षांची मुलगी आणि तिच्या हातात मागच्या पायांना धरलेले मेलेले साळिंदर. हा फोटो मी नोंदला नाही. माणसाचा फोटो आला की पुसायचा असा आमचा नियम होता, आणि नियम योग्यच आहे. न विचारता काढलेला फोटो उद्या कोणाला अडकवायला वापरला जाऊ नये. पण त्यामुळे झाले असे, की अहवालात तीन पायांचा डायकर गेला आणि ती मुलगी गेली नाही. हे तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. १९९२ मध्ये केंट रेडफर्ड यांनी 'रिकामे जंगल' ही कल्पना मांडली: झाडे उभी आहेत, वरून सगळे हिरवेगार, पण आत मोठे जनावर उरलेले नाही. २०१७ मध्ये आना बेनितेस-लोपेस आणि सहकाऱ्यांनी १७६ अभ्यास एकत्र करून दाखवले, की उष्णकटिबंधात जिथे शिकार होते तिथे सस्तन प्राणी शिकार नसलेल्या भागापेक्षा सरासरी ८३ टक्क्यांनी कमी आहेत आणि पक्षी ५८ टक्क्यांनी. आकडा वाचला की पहिले उत्तर 'मग बंद करा' हेच येते. माझेही तेच होते.

आज माझे मत वेगळे आहे. गोरिला, हत्ती, खवल्या मांजर, माकडे यांना हात लागता कामा नये. शहराकडे जाणारे मांसही थांबवावे. पण जंगलातच राहणाऱ्याला साळिंदर, मोठे उंदीर, छोटे डायकर घरी खायला मारू द्यावेत. आणि संवर्धनाच्या अभ्यासकाने जनावरांबरोबर घरेही मोजावीत: कोण खाते, किती खाते, ते नसेल तर काय खाईल. हे न मोजता केलेली बंदीची शिफारस मला अर्धवट वाटते.

विरोधी मते वाचायची आहेत.

कातळ

फोटोंचा प्रसंग मनाला लागला, निष्कर्ष मात्र पटला नाही. तो डायकर तीन पायांवर का उभा होता? फासकीमुळे. आणि त्या मुलीच्या हातातले साळिंदर बहुधा तशाच फासकीत मेले असणार. तुम्ही म्हणता साळिंदर चालेल, खवल्या मांजर नको. फासकी लावणाऱ्याच्या हातात ही निवड असते का? पायवाटेवर तारेचा फेरा मांडला, वाकवलेल्या फांदीला बांधला, वर पाने पसरली की तो घरी जातो. पुढे ज्याचा पाय पडेल ते जनावर त्याचे. मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात अँड्र्यू नॉस यांनी फासक्यांचा हिशेब ठेवला होता. अडकलेल्यांपैकी चौथ्या हिश्श्याच्या आसपास जनावरे शिकारी पोचायच्या आत सडलेली नाहीतर दुसऱ्या प्राण्यांनी खाल्लेली निघाली. हे मांस कोणत्याच घरात गेले नाही.

आणि जिथे हे हाताबाहेर गेले तिथे काय झाले ते बघा. व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियाच्या संरक्षित क्षेत्रांत मिळून १ कोटी २३ लाख फासक्या असाव्यात, असा डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संस्थेचा २०२० चा अंदाज आहे. संरक्षित क्षेत्रांत! साओला हे बैलाच्या कुळातले, लांब सरळ शिंगांचे जनावर विज्ञानाला कळले १९९२ मध्ये, तेही व्हिएतनाममधल्या शिकाऱ्यांच्या घरात टांगलेल्या शिंगांवरून. कॅमेऱ्यात त्याचा शेवटचा फोटो सप्टेंबर २०१३ चा. त्यानंतर काही नाही. साओला कोणी मुद्दाम मारत नव्हते. रानडुक्कर आणि भेकरासाठी लावलेल्या तारांत तो गेला.

अ‍ॅण्ड्रू टिल्कर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये दोन जागांची तुलना केली. एकीकडे बोर्निओतले लाकूडतोडीने विस्कटलेले जंगल, जिथे फासक्या कमी. दुसरीकडे व्हिएतनाम-लाओसच्या अन्नामी डोंगरांतले बऱ्यापैकी शाबूत जंगल, जिथे फासक्या भरमसाट. जनावरे जास्त उरली तोडलेल्या जंगलात. म्हणून माझे मत: मारायची परवानगी कोणत्याही नावाने दिली की ती तारेच्या हाती जाते. आधी बंद करा, मग घरांना दुसरे काय द्यायचे ते ठरवा.

उंबरठा

कातळ, तुमच्या शेवटच्या वाक्याचा क्रमच मला भयंकर वाटतो. 'आधी बंद, मग दुसरे काही'. मधल्या काळात ते मूल काय खाणार?

माझे क्षेत्र बालपोषण आहे. मादागास्करच्या ईशान्येला मकिरा भागात क्रिस्टोफर गोल्डन आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या आहाराची आणि रक्ताची वर्षभर नोंद ठेवली. २०११ मध्ये ते प्रसिद्ध झाले. रानातले मांस मिळेनासे झाले तर रक्तक्षय असलेल्या मुलांची संख्या २९ टक्क्यांनी वाढेल, आणि सगळ्यांत गरीब घरांत ती तिप्पट होईल, असा त्यांचा हिशेब निघाला. रक्तक्षय म्हणजे नुसता फिकेपणा नाही. मूल लवकर थकते, वर्गात लक्ष लागत नाही, साधा ताप लांबतो. वाढीच्या वयात लोह कमी पडले तर नंतर गोळ्या देऊन ते नुकसान पूर्ण भरून येतेच असे नाही.

बंदीचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो दुसरे मांस विकत आणतो. ज्याच्याकडे फक्त रान आहे त्याचेच बंद होते.

सरासरी

८३ टक्के हा आकडा इथून पुढे धाग्यात फिरत राहील, म्हणून आधीच लिहितो. '८३ टक्के प्राणी मेले' असा त्याचा अर्थ नाही. शिकार होणारी जागा आणि न होणारी जागा यांतल्या फरकाची ती सरासरी आहे. माझ्या दृष्टीने त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष जास्त मोलाचा: गाव किंवा रस्ता, म्हणजे शिकारी जिथून आत शिरतो ती जागा, तिथून सस्तन प्राण्यांवरचा परिणाम ४० किलोमीटरपर्यंत जाणवतो; पक्ष्यांच्या बाबतीत ७ किलोमीटर. नवा रस्ता नकाशावर एक रेघ दिसतो, जनावरासाठी तो दोन्ही बाजूंना ४०-४० किलोमीटरचा पट्टा असतो.

उंबरठा यांनी दिलेल्या अभ्यासाबद्दलही: त्यात मुले ७७ होती. काम काटेकोर आहे, पण मकिरातून निघालेला आकडा उचलून काँगो किंवा अ‍ॅमेझॉनवर लावता येणार नाही. तिथे नदीचा मासा असतो, कुठे पाळीव कोंबडी असते.

काँगो खोऱ्यात वर्षाला एकूण किती रानमांस निघते? १९९९ मध्ये विल्की आणि कार्पेंटर यांनी सुमारे १० लाख टन म्हटले. २००२ मध्ये जॉन फा आणि सहकाऱ्यांचा आकडा सुमारे ४९ लाख टन आला. तीन वर्षांत शिकार पाचपट झालेली नाही. काही गावांत आणि बाजारांत मोजायचे आणि लोकसंख्येने गुणायचे, अशी ही पद्धत आहे. कोणती गावे घेतली, ओले मांस मोजले की धुरावलेले, यावर उत्तर बदलते. त्यामुळे दोन्ही बाजूंनी आकडे जपून वापरावेत ही विनंती.

कातळ

@उंबरठा, तुम्ही मला निर्दय ठरवलेत, ठीक आहे. पण माझा प्रश्न त्याच मुलाबद्दल आहे, फक्त दहा वर्षांनंतरच्या. जनावर संपल्यावर ते काय खाणार?

जॉन रॉबिन्सन आणि एलिझाबेथ बेनेट यांनी २००० मध्ये हिशेब मांडला होता, की माणूस मांसासाठी फक्त रानावरच अवलंबून असेल तर उष्णकटिबंधी दाट जंगल दर चौरस किलोमीटरला फार तर एकच माणूस पोसू शकते. गवताळ माळावर चरणारी जनावरे ढिगाने असतात. दाट जंगलात अन्न वर शेंड्यावर, पाने कडू आणि चिवट, त्यामुळे जमिनीवर मांस मुळातच कमी. आज त्या खोऱ्यांतल्या किती वस्त्यांभोवती चौरस किलोमीटरला एक माणूस उरला आहे? जिथे पाच-दहा आहेत तिथे 'घरापुरती' शिकारसुद्धा जंगल रिकामे करते. खाणाऱ्याचा हेतू कितीही साधा असला तरी डायकरची पिल्ले त्यामुळे जास्त होत नाहीत.

अनवट

कातळ यांच्या मुद्द्याला जोडून थोडे जीवशास्त्र.

मारून पुरेल की नाही हे ठरते पिल्लांच्या वेगावर. रॉबिन्सन आणि रेडफर्ड यांनी १९९१ मध्ये एक ढोबळ नियम दिला. वर्षभरात जितकी नवी भर पडते त्यातली, फार कमी जगणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत ६० टक्के, मधल्यांच्या ४० टक्के आणि दीर्घायुषी प्राण्यांच्या फक्त २० टक्के काढली तर चालते. ओरांगउटानची मादी सात-आठ वर्षांनी एकदा विते. कोळी माकडाला एकेक पिल्लू, तेही तीनेक वर्षांच्या अंतराने. टापीर म्हणजे आखूड सोंडेचे, डुकरासारखे दिसणारे मोठे जनावर; त्याचा गर्भकाळच १३ महिन्यांच्या आसपास आणि पिल्लू एक. यांच्यातली वर्षाकाठी एखाददुसरी मादी गेली तरी तो भाग उतरणीला लागतो.

दुर्बीण, तुमच्या यादीत मात्र एक चूक आहे. तुम्ही साळिंदर आणि मोठे उंदीर एका ओळीत घेतलेत. दोन्ही कुरतडणारेच, पण आफ्रिकेतले झुपकेदार शेपटीचे साळिंदर एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. ऊस-उंदीर, म्हणजे तिथला गवतात-उसात राहणारा मोठा उंदीर, एका वेतात चार-चार पिल्ले देतो. तुमच्या फोटोतल्या मुलीच्या हातात ऊस-उंदीर असता तर मी निर्धास्त असतो. साळिंदर होते म्हणून तितका नाही.

दुर्बीण (धागाकर्ती)

@अनवट, चूक मान्य. यादी करताना मी आकारावर गेले, वेतावर नाही. डायकरलाही एका वेळी एकच पिल्लू असते, तेही तुम्ही सौम्यपणे सांगायचे टाळलेत असे दिसते.

@कातळ, चौरस किलोमीटरला एक माणूस हा हिशेब फक्त रानमांसावर जगणाऱ्यांचा आहे. नदीकाठच्या घरात अर्धे मांस म्हणजे मासा असतो. घानातला पुरावा बघा: जस्टिन ब्रॅशर्स आणि सहकाऱ्यांनी १९७० ते १९९८ च्या नोंदी तपासल्या. ज्या वर्षी मासळी कमी मिळाली त्या वर्षी अभयारण्यांत शिकारी वाढले आणि जनावरे जास्त घटली. मासळी का कमी मिळाली? किनाऱ्यासमोर परदेशी मोठ्या बोटी उतरल्या होत्या, त्यांत युरोपीय संघाच्या अनुदानावर चालणाऱ्याही होत्या. म्हणजे अभयारण्यात घुसलेल्या माणसाला पकडून प्रश्न सुटत नव्हता, त्याचे मूळ समुद्रात होते. घर मोजा असे मी म्हणते ते यासाठी. नुसती जनावरे मोजणाऱ्याला त्या बोटी कधीच दिसल्या नसत्या.

तुमचा फासकीचा मुद्दा मात्र मला अजून परतवता आलेला नाही. विचार करते आहे.

पाणकणीस

मी या विषयातला नाही, नुसता वाचक. घानाच्याच टाकोराडी शहरातल्या बाजाराबद्दल वाचल्याचे आठवते, की तिथले रानमांस टिकाऊ पद्धतीने येते असे निघाले. मग शहरातली विक्री तरी सरसकट वाईट कशी?

अनवट

@पाणकणीस, आठवण बरोबर आहे. गाय कॉलिशॉ आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास. बाजारात मुख्यतः भराभर वाढणारी जनावरे येत होती, बरीचशी शेताच्या आजूबाजूची, आणि पुरवठा घटत नव्हता. पण अभ्यासकांनी स्वतःच लिहिले आहे, की हे टिकाऊपण नाजूक जाती आधीच संपल्यानंतरचे आहे. हळू वाढणारे जे होते ते पूर्वीच गेले, चिवट ते उरले, आणि आता त्यांच्यावर बाजार चालतो.

याचे दोन अर्थ लागतात आणि मी स्वतः दोहोंत अडकलो आहे. शेताकडेचे ऊस-उंदीर विकणाऱ्यावर बंदी घालणे निरर्थक; त्याने आता कोणतेच जंगल वाचणार नाही. पण हाच नमुना धरून जिथे अजून माकडे, टापीर, हत्ती आहेत तिथला बाजार मोकळा ठेवला, तर तो 'टिकाऊ' होईपर्यंत ते सगळे गेलेले असतील.

वेलबुट्टी

झाडांबद्दल कोणीच बोलले नाही. मोठ्या बियांच्या झाडांची फळे गिळून दूर नेणारे प्राणी म्हणजे हत्ती, टापीर, मोठी माकडे. पेरूच्या मानू भागात जॉन टेरबोर्ग यांनी आणि मलेशियातल्या सारावाकमधल्या लांबिर हिल्समध्ये र्‍हेट हॅरिसन यांनी हेच पाहिले: जनावरे गेली की खाली उगवणारी रोपे बदलतात. लांबिरमध्ये प्राण्यांनी पसरवायच्या झाडांची नवी रोपे आईच्या झाडाजवळच गर्दी करू लागली. झाड शंभर वर्षे उभे राहते, म्हणून आज काही कळत नाही. अनेक मोठ्या बियांच्या झाडांचे लाकूड जड असते, जास्त कार्बन धरून ठेवते. त्यांची जागा हलक्या लाकडाची झाडे घेऊ लागली तर जंगल तोडले नाही तरी त्यातला कार्बन कमी होणार.

मधली फळी

इतका वेळ गप्प वाचत होतो. एक गोष्ट राहवत नाही. 'स्थानिक लोक जंगल रिकामे करतात' हे वाक्य आपण फार सहज लिहितो.

अ‍ॅमेझॉनचे जंगल विसाव्या शतकात कोणी ओरबाडले? आंद्रे आंतुनेस आणि सहकाऱ्यांनी जुन्या बंदरांच्या आणि व्यापाऱ्यांच्या नोंदी धुंडाळून २०१६ मध्ये दाखवले, की १९०४ ते १९६९ या काळात कातड्यांसाठी अंदाजे २ कोटी ३३ लाख जनावरे मारली गेली. ती कातडी युरोप-अमेरिकेत जात होती.

काँगोच्या उत्तरेला जॉन पोल्सन आणि सहकाऱ्यांनी लाकूड कंपन्यांच्या वस्त्यांचा अभ्यास केला. लाकूडतोडीमुळे वस्त्यांची लोकसंख्या ६९ टक्क्यांनी वाढली, रानमांसाचा पुरवठा ६४ टक्क्यांनी. आणि त्यातले ७२ टक्के मांस बाहेरून आलेल्यांनी मारलेले होते. आता बंदी आली की गस्तीचा रक्षक कोणाच्या झोपडीत शिरतो? कंपनीच्या ट्रकचा पाठलाग अवघड असतो. जंगलात चालत जाणारा बाका माणूस (बाका म्हणजे तिथले मूळचे जंगलवासी) सहज सापडतो. खोऱ्यातल्या संरक्षित क्षेत्रांत रक्षकांनी बाका लोकांना मारहाण केल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत आणि त्यांची चौकशीही झाली आहे. कातळ, तुमच्या बंदीत हे येतेच. ते वेगळे काढता येत नाही.

याउलट मानू राष्ट्रीय उद्यान. तिथे मात्सिगेंका लोक आत राहतात, शिकार करतात. अट एक, बंदूक नाही. धनुष्यबाणाने. आणि कोळी माकड, लोकरी माकड ही पहिल्यांदा संपणारी जनावरे तिथे अजून आहेत.

कातळ

@मधली फळी, रक्षकांच्या मारहाणीबद्दल तुमच्याशी वाद नाही. ती थांबलीच पाहिजे आणि मारणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे. लाकूडवस्त्यांचे आकडे तर माझ्याच बाजूचे आहेत. बाहेरून आलेला ७२ टक्के मांस नेतो, याचा अर्थ दरवाजा उघडा ठेवला की घरातल्या माणसापेक्षा परका जास्त उचलतो. नियम कडक असता तर बाका माणसाच्या वाट्याचे उरले असते.

मानूच्या उदाहरणात तुम्ही महत्त्वाचा भाग पटकन ओलांडलात. तिथे वस्ती विरळ आहे, रस्ता नाही, आणि बाणाला माणूस जनावराजवळ जावा लागतो. शेंड्यावरच्या माकडाला बाण लागेलच असे नाही. म्हणजे तिथेही बंदी आहेच, फक्त हत्यारावर. उद्या बंदूक आत आली की ती माकडे किती वर्षे राहतील? त्यामुळे 'बंदीशिवाय चालते' याचे हे उदाहरण नाही.

उंबरठा

हे वाचून मला वाटते, कातळ आणि मी आता तितक्या दूर नाही आहोत. तुम्ही 'सरसकट' हा शब्द सोडलात आणि हत्यारावर आलात.

तरी पर्यायाबद्दल बोलायला हवे, कारण 'दुसरे मांस द्या' हे सोपे नाही. रॉबर्ट नासी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिशेब केला होता, की काँगो खोऱ्यातल्या रानमांसाच्या जागी गोमांस आणायचे तर कुरणांसाठी अडीच कोटी हेक्टरपर्यंत जंगल साफ करावे लागेल. जनावरे वाचवायला जंगलच कापायचे? गावात कोंबड्या पाळायला दिल्या जातात, रोग येतो, महिन्यात सगळ्या मरतात आणि लस टोचायला कोणी येत नाही. लस पोचवणे हे संवर्धनाचे काम आहे असे मी म्हणेन, पण प्राणिशास्त्राच्या प्रकल्पाला ते आपले वाटत नाही.

सुतळी

रोगाचा मुद्दा राहिला. १९९६ मध्ये गाबोनमधल्या मायिबूत गावातल्या लोकांनी रानात सापडलेला मेलेला चिंपांझी कापून खाल्ला. इबोला पसरला, तिसाहून अधिक जणांना लागण झाली, २१ दगावले. तो मारलेला नव्हता, मेलेला सापडला होता, हे लक्षात घ्या. बंदी असती तरी भुकेल्या गावाने तो सोडला असता का, मला शंका आहे. पण माकड-वानरांना हात न लावण्याचे ते एक स्वतंत्र कारण आहे, आणि 'जनावर वाचवा' पेक्षा हे कारण गावात लवकर पटते.

दुर्बीण (धागाकर्ती)

दोन दिवस घेतले, आता लिहिते.

माझे पहिले मत मी बदलते आहे. कोणते जनावर, यावरून मी परवानगी ठरवत होते. कातळ यांचे म्हणणे बरोबर आहे, तारेची फासकी असेल तोवर ती यादी कागदावरच राहते. तेव्हा धातूच्या तारेची फासकी कोणालाच नको, जंगलातल्या माणसालाही नको. पूर्वी वेलीच्या, सालीच्या दोऱ्या असत. त्या कुजत, मोठे जनावर त्या तोडून जाई. तार वर्षानुवर्षे रानात तशीच राहते, लावणारा विसरून गेला तरी. दुसरे, जिथे नवा रस्ता जातो तिथे गाड्यांची तपासणी आधी आणि लाकूड नंतर. तिसरे, वेत पाहून जनावर, त्यामुळे साळिंदर आणि डायकर माझ्या मोकळ्या यादीतून बाहेर. ती मारायची तर गावाने ठरवलेल्या मर्यादेत, मोजून.

सरसकट बंदीला विरोध मात्र तसाच आहे. आणि घर मोजावे हेही. उंबरठा यांनी लिहिलेली कोंबडीची लस आणि घानातल्या बोटी या दोन्ही गोष्टी घरातूनच सापडतात, कॅमेऱ्यातून नाही.

कातळ

तारेवर एकमत झाले, याचा आनंद आहे. शेवटचा प्रश्न, आणि हा खरोखर विचारतो आहे. 'गावाने ठरवलेली मर्यादा, मोजून' असे तुम्ही लिहिता. मोजणार कोण? परका अभ्यासक विचारतो तेव्हा शिकारी खरे सांगत नाही. अभ्यासक दोन वर्षांत परत जातो. मग त्या मर्यादेचे काय होते?

अनवट

याचे उत्तर मला पेरूच्या अ‍ॅमेझॉनमधल्या कामात मिळाले. तामशियाकू-ताउआयो भागात रिचर्ड बॉडमर आणि नंतर पेद्रो मायोर यांनी शिकाऱ्यांनाच नोंदी ठेवायला सांगितले. मारलेल्या जनावराची कवटी घरी ठेवायची, त्यावर तारीख आणि जागा लिहायची. पेकारी म्हणजे तिथली रानडुकरासारखी जनावरे. त्यांच्या दाढा किती झिजल्या यावरून वय कळते. नुसत्या कोवळ्या दाढाच येऊ लागल्या तर प्रौढ जनावरे संपत आली आहेत, हे बाहेरच्या कोणी सांगावे लागत नाही. त्याच्या जोडीला एक साधी नोंद: किती तास फिरलो, किती मिळाले. गेल्या वर्षी एका दिवसात मिळायचे ते यंदा तीन दिवसांत मिळते, हे शिकाऱ्याच्या पायांना आधी कळते.

हे सगळीकडे चालेलच असे मी म्हणत नाही. पण यात एक गोष्ट आहे जी दुर्बीण यांच्या कॅमेऱ्यात नव्हती. कवटी त्याच्याच घरात असते, आणि गावाची बैठक बसते तेव्हा ती उचलून मधोमध ठेवता येते.

दुर्बीण (धागाकर्ती)

@अनवट, फासकीतून तीन पायांवर सुटलेल्या डायकरची नोंद या पद्धतीत कुठे येईल? तो मारला गेला नाही, म्हणून कवटी नाही. तेवढ्यासाठी तरी कॅमेरा लागेल असे वाटते.

अनवट

हो, लागेल. कॅमेरा काढा असे मी म्हणत नाही. फोटो गावात नेऊन दाखवा. तो पाय बघून फासकी कोणाची हे तिथल्या माणसाला बहुतेक वेळा कळते, आणि ते आपल्याला कळायची गरजही नाही.